बेल चाचणी की हस्तक्षेप चाचणी?

दोन कणांमधला संबंध अभिजात, म्हणजे क्वांटमपूर्व भौतिकीतल्या, छुप्या सामाईक कारणाने समजावता येतो का, हे दोन्ही चाचण्या तपासतात. दोन बाजूंना एकेक कण मोजायचा; काय मोजायचं ती निवड म्हणजे सेटिंग. बेल चाचणीत दोन्ही बाजूंमध्ये संवाद नाही, हे गृहीतक. अभिजात कारणांनी सीएचएसएच बेरीज (वेगवेगळ्या सेटिंगमध्ये दोन्हीकडचे निकाल किती जुळतात, त्यावरून काढलेला आकडा) 2 ओलांडत नाही. गुंतलेले, म्हणजे क्वांटम नात्याने जोडलेले, फोटॉन (प्रकाशकण) ती 2.828 पर्यंत नेतात. अंतर अपुरं असेल किंवा बरेच फोटॉन निसटले, तर अभिजात स्पष्टीकरणाला पळवाटा उरतात.

हस्तक्षेप चाचणीत पहिल्या बाजूचा निकालच दुसरीचं मापन ठरवतो. दोनच सेटिंग, दोनच निकाल असतील तर नुसत्या निरीक्षणात अभिजात कारणांशी विसंगती दिसतच नाही. खरी मजा पुढे आहे: तो दुवा तोडून दुसरीचं मापन आपणच ठरवायचं आणि सरासरी कार्यकारण-परिणाम, म्हणजे ते मापन बदलल्याने दुसरीचा निकाल सरासरी किती बदलतो, तो मोजायचा. निरीक्षणांवरून काढलेल्या अभिजात किमान मर्यादेखाली तो गेला, तर छुपं सामाईक कारण अभिजात नाही. मात्र पहिलीची सेटिंग थेट दुसरीपर्यंत झिरपली, की सगळं मुसळ केरात.