एकाच माणसाच्या सहा जर्सी: दहीपुलाजवळच्या मास्टरांचं दुकान

"सुट्टा पीस होणार नाही, किमान पंधरा लागतील." जर्सी शिवून घ्यायला नाशिकमध्ये कुठेही गेलात तर पहिलं वाक्य हेच ऐकू येतं. त्यांचंही चुकत नाही. डिझाइन लावायला एका पीसला जेवढा वेळ जातो तेवढाच पन्नास पीसला. म्हणूनच दहीपुलाजवळच्या एका गल्लीत, भांड्यांच्या दुकानाशेजारच्या जिन्याने वर गेल्यावर लागणाऱ्या या दुकानाबद्दल मुद्दाम लिहितोय. पाटी नाही. आत दोन शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक, एक हीट प्रेस, आणि कोपऱ्यात कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडून बसलेला मास्टरांचा भाचा. इथे सुट्टा पीस होतो. सहा पीस सहा वेगळ्या रंगांचे असले तरी होतात. मास्टर तोंड जरा वाकडं करतात, पण शिवतात.

माझी ऑर्डर होती स्टीव्ह क्लॅरिजच्या सहा क्लबांची. हा कोण, हे मास्टरांनाही सांगावं लागलं, तर इथेही सांगतो. 1966 साली पोर्ट्समथमध्ये जन्मलेला इंग्लिश फुटबॉलपटू, स्ट्रायकर, म्हणजे पुढे राहून गोल मारणारा. देशाकडून कधी खेळला नाही. बोर्नमथ, वेमथ, ऑल्डरशॉट, केंब्रिज, ल्यूटन, पुन्हा केंब्रिज, बर्मिंगहॅम, लेस्टर, वूल्व्हज, पोर्ट्समथ, मिलवॉल, ब्रायटन, ब्रेंटफर्ड, वायकम, ब्रॅडफर्ड, वॉल्सॉल. ही यादीही पूर्ण नाही. बायकोने ती ऐकली आणि म्हणाली, "एवढ्या नोकऱ्या बदलणाऱ्याला आमच्याकडे कुणी मुलगी दिली नसती."

आम्ही त्याला पाहिलं ते नव्वदच्या दशकात, केबलवर, लेस्टरच्या निळ्या जर्सीत. मोजे घोट्यापर्यंत घसरलेले, शर्ट बाहेर, आणि पळणं असं की आत्ता पडेल की मग. बाकी खेळाडू पोस्टरवरचे वाटायचे, हा मात्र आमच्या देवळालीच्या ग्राउंडवरून उठून गेलेला. आता पंचेचाळिशी ओलांडल्यावर आमच्या रविवारच्या टीमचा स्ट्रायकरही मी, मॅनेजरही मी आणि टर्फची वर्गणी मागत फिरणाराही मीच. क्लॅरिज आठवायला एवढं पुरेसं आहे.

तर जर्सी. मी यादी दिली: केंब्रिज, बर्मिंगहॅम, लेस्टर, पोर्ट्समथ, मिलवॉल, वेमथ. मास्टरांनी चष्मा कपाळावर सरकवून मोबाइलमधले फोटो पाहिले आणि विचारलं, "दादा, यात चार निळ्याच आहेत. चार कशाला? एकच चांगली शिवून देतो, चार वेळा घाला." मुद्दा बिनतोड होता. बर्मिंगहॅम निळं, लेस्टर निळं, पोर्ट्समथ निळं, मिलवॉलही निळंच. पण प्रत्येक निळ्याची गोष्ट वेगळी. ती मी त्यांना तिथेच स्टुलावर बसून ऐकवली आणि त्यांनी काज करता करता ऐकून घेतली.

बर्मिंगहॅमचं निळं म्हणजे 1994-95. तिसऱ्या पातळीवरची लीग जिंकली, शिवाय लंडनच्या वेंब्ली स्टेडियमवर एक कपही घेतला, आणि गोल मारण्यात हा सगळ्यांच्या पुढे. लेस्टरचं निळं म्हणजे 27 मे 1996. वेंब्लीवर क्रिस्टल पॅलेसविरुद्ध प्ले-ऑफ फायनल, म्हणजे जिंकेल तो वरच्या लीगमध्ये, 1-1, जादा वेळेचा शेवटचा मिनिट. लेस्टरचा मॅनेजर मार्टिन ओनीलने बरोबरी राहिली तर होणाऱ्या पेनल्टींसाठी म्हणून उंच गोलकीपर झेल्को कालाच याला आत आणलेलं. आणि क्लॅरिजने लांबून मारलेला चेंडू बुटाऐवजी नडगीला लागून वरच्या कोपऱ्यात गेला. क्लब प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यांत वरच्या लीगमध्ये, पोचला तो नडगीच्या जिवावर. पुढच्या वर्षी मिडल्सब्रोविरुद्ध लीग कपची फायनल 1-1 सुटली, हिल्सबरोवर रिप्ले झाली, आणि जादा वेळेत एकमेव गोल पुन्हा याचाच.

इथे मास्टर म्हणाले, "मग लेस्टरच्या जर्सीला कापड भारीतलं घेऊ." असा दुकानदार मिळायला नशीब लागतं.

पोर्ट्समथचं निळं जरा जड आहे. ते त्याचं गाव, लहानपणापासूनची टीम. तिथे तो खेळत असताना ऑक्टोबर 2000 मध्ये त्यालाच प्लेअर-मॅनेजर केलं. म्हणजे शनिवारी अकरा जणांची नावं लिहायची, त्यात स्वतःचंही लिहायचं, आणि मग बूट घालून पळायचं. फेब्रुवारी 2001 मध्ये त्याला मॅनेजरपदावरून काढलं. चार महिने. त्यानंतर मिलवॉलला गेला आणि जणू काही झालंच नाही असा पुन्हा गोल मारायला लागला.

हे काम किती अवघड असतं ते रविवार सकाळच्या फालतू मॅचमध्येही कळतं. तुम्ही पुढे पळत असता तेव्हा मागे डाव्या बाजूला केवढी जागा मोकळी पडलीय हे दिसत नाही. बाहेर उभा असलेल्याला दिसतं, पण बाहेर उभं राहायचं तर स्वतःला बसवावं लागतं. केनी डाल्ग्लिशने 1985-86 मध्ये लिव्हरपूलला खेळाडू आणि मॅनेजर अशा दोन्ही नात्यांनी लीग आणि एफए कप मिळवून दिला, पण त्याच्या मागे अख्खं लिव्हरपूल होतं. तसंच दोन्ही कामं करत ग्लेन हॉडलने स्विंडनला जमवलं, रूड गुलिटने चेल्सीला कप दिला. खालच्या क्लबांना मात्र यात सरळ हिशोब दिसायचा: एका पगारात दोन माणसं. आता कोचिंगचे परवाने, व्हिडिओवाले, फिटनेसवाले असा सगळा लवाजमा झाल्यापासून ही जातच संपत आलीय. वेन रूनी डर्बी क्लबला थोडे दिवस दोन्ही करत होता. जानेवारी 2021 मध्ये कायमचा मॅनेजर झाला आणि बूट ठेवून दिले. आपल्याकडे 2014 च्या पहिल्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, डेव्हिड जेम्स केरळ ब्लास्टर्सचा गोलकीपरही होता आणि मॅनेजरही. टीम थेट फायनलला गेली आणि नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, कोलकात्याच्या रफीकच्या भरपाई वेळेतल्या गोलने हरली. एवढ्या जवळ येऊन गेलेला प्लेअर-मॅनेजर, आणि आमच्या टीममधल्या निम्म्यांना ते आठवतही नाही.

आता माल कसा आहे ते. मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे कपडा हातात आला की आधी उलटा करतो. शिलाई उत्तम. खांद्याची शिवण सरळ, काखेत कुठेही चुणी नाही, तळाची पट्टी डबल सुईची आणि दोन्ही ओळी शेवटपर्यंत समांतर. गळ्याची रिब ताणून सोडली की जागेवर येते. बाजारातल्या तयार जर्सीची दुसऱ्या धुण्यात लोंबायला लागते. वेमथच्या जर्सीला मास्टरांनी डाळिंबी अंग आणि आकाशी बाह्या असं दोन वेगळ्या कापडांतून शिवलं, छापून भागवलं नाही. सहांत तीच सगळ्यांत देखणी झालीय. वेमथला क्लॅरिज 2003-04 मध्ये पुन्हा प्लेअर-मॅनेजर होता आणि टीम सदर्न लीगमध्ये दुसरी आली. मॅनेजर म्हणून त्याचा बरा काळ तोच, तेव्हा हेही ठीकच झालं.

छपाईबद्दल मात्र हातचं राखून. इथे सब्लिमेशन करतात. डिझाइन आधी कागदावर उलटं छापतात, मग तो कागद पांढऱ्या पॉलिएस्टरवर ठेवून तापलेल्या प्रेसखाली दाबतात. शाईची वाफ होऊन ती धाग्यात शिरते, त्यामुळे नंबर सोलून निघत नाही की तडकत नाही. फायदा मोठा आहे. तोटा हा की स्क्रीनवर दिसलेला रंग कापडावर उतरेलच असं नाही. केंब्रिजचा पिवळट केशरी रंग भगव्याच्या इतका जवळ गेलाय की कॉलनीत तिघांनी विचारलं, कुठल्या मंडळाची? चार निळ्यांचीही तीच गत. मी फोटो चार दिले, भाच्याने शेड दोनच काढल्या. बर्मिंगहॅम आणि मिलवॉल आता मागचा कॉलर उलटून, आतली चिठ्ठी वाचूनच ओळखायचे. आधी कापडाचा छोटा तुकडा छापून दाखवा, असं सांगितलं तर दाखवतात. आपणहून दाखवत नाहीत. सांगा.

नंबर पाठीच्या बरोबर मध्यावर आहेत. व्हर्नियर लावला नाही, पट्टी लावली. पाचवर डावं-उजवं सारखं, एकावर थोडंसं सरकलेलं, घातल्यावर कळत नाही.

क्लबचं चिन्ह आणि स्पॉन्सरचं नाव मास्टर छापत नाहीत. मी एकदा आग्रह केला, तर म्हणाले, "रंग माझा, नंबर तुमचा, बिल्ला त्यांचा. त्यात मी पडत नाही." मला पटलं. छातीवर काही नसलेली साधी निळी जर्सी तशीही जास्त दिवस चालते.

खरी बोंब वेळेची. मी ऑर्डर दिली श्रावणात, म्हणजे मंडळांच्या आणि ढोल पथकांच्या टी-शर्टचा हंगाम. खालच्या जिन्यापासून वरपर्यंत गठ्ठे. अशात सहा सुट्टे पीस कोण हातात घेणार? "उद्या या", "परवा नक्की", मग फोन भाच्याकडे, मग भाचा जेवायला गेलाय. 2005 च्या जूनमध्ये मिलवॉलने क्लॅरिजला मॅनेजर नेमलं, क्लबचे अध्यक्ष बदलले, आणि एकही अधिकृत मॅच व्हायच्या आत 36 दिवसांत घरी पाठवलं. माझी मिलवॉलची जर्सी यायला त्याहून जास्त वेळ लागला. हे मी मास्टरांना सांगितलं तेव्हा ते हसले आणि शिलाईत पन्नास रुपये कमी केले. सहा पीसला मिळून पन्नास.

दर: साध्या कापडाचा सुट्टा पीस साडेपाचशे, भारी कापडाचा सातशेच्या आसपास. टीमचा गठ्ठा टाकणार असाल तर याहून स्वस्त नाशिकमध्येच मिळेल, तिकडे जा. तयार रेप्लिका हवी असेल तरी इथे येऊन उपयोग नाही. पण शाळेची जुनी हाउस-जर्सी, वडिलांच्या कंपनीच्या टीमची जर्सी, बंद पडलेल्या क्लबची जर्सी, असं एकच काहीतरी डोक्यात बसलं असेल तर हाच जिना चढा. गणपतीच्या आधीचे दोन महिने सोडून. गाडी गल्लीत नेऊ नका, रविवार कारंजाला लावून चालत या. पैसे ऑनलाइन चालतात, पावती मागितल्यावर वहीचं पान फाडून मिळते.

पुढची ऑर्डर बोर्नमथची आहे, लाल-काळ्या पट्ट्यांची. 1984-85 मध्ये क्लॅरिज तिथूनच सुरू झाला, आणि डिसेंबर 2006 मध्ये चाळिशीचा झाल्यावर हजारावी मॅच खेळायला त्याच क्लबने त्याला एका सामन्यापुरतं बोलावलं. पोर्ट व्हेलने त्यांना 4-0 ने धुतलं. मास्टरांचं म्हणणं, उभे पट्टे बाजूच्या शिवणीवर जुळवायचे तर कापड वाया जातं, शंभर रुपये जास्त पडतील. मी ऐंशीवर अडून बसलोय. भाचा म्हणतो, दिवाळीनंतर या, तोवर मामा नव्वदला येतील.