नेटलोगो: लांडगा आहे, मेंढरं आहेत, धनगर कुठाय?

नेटलोगो म्हणजे प्राण्या-माणसांना नियम देऊन ते कसे वागतात हे संगणकावर चालवून बघायचं सॉफ्टवेअर. फुकट मिळतं. उरी विलेन्स्की यांचं १९९९ पासूनचं काम. डाउनलोड नको असेल तर ब्राउझरमध्येही चालतं. त्यातलं लांडगा-मेंढीचं तयार मॉडेल मी कॉलेजात शिकवते. सुट्टीत माणला घरी गेले, तर आबा मागे उभं राहून बघायला लागले.

पडद्यावर माळ, १०० मेंढरं, ५० लांडगे. गवत खाल्लं की चौकोन तपकिरी, ३० टिक (टिक म्हणजे मॉडेलमधल्या वेळेचा एक टप्पा) झाले की पुन्हा हिरवा. मेंढरू उजव्या कडेनं गेलं की डावीकडून आत. आबा म्हणाले, "ह्येंच्या मागं माणूस कुठाय? आन् कुत्रं?"

खरंच नाहीये. आणि गवतही कधी थकत नाही. कितीही वेळा चरा, तेवढ्याच टिकांत उगवतं. आबांची हयात दिवाळीनंतर कोकणात उतरण्यात आणि पावसाआधी वर येण्यात गेली. त्यांना हे पटणार कसं?

पण कोड उघडा असतो, ही नेटलोगोची खरी कमाई. मी त्यात धनगर आणले आणि दोन नियम घातले. एकाच चौकोनावर सारखं चरलं की तिथं कुसळी, म्हणजे चरायला निरुपयोगी टोचरं गवत, माजते. आणि धनगराला मागच्या साली कुठं चारा होता हे आठवतं. झालं, सगळे धनगर एकाच हिरव्या तुकड्यावर! दुसऱ्या साली तिथं कुसळीच कुसळी, तिसऱ्या साली सगळे दुसरीकडे, तिथंही तेच. आबा हसले. "एकमेकाला इचारल्याबिगर वाडा हलवतंय व्हय कोण?" वाडा म्हणजे धनगरांचा कळपासकट फिरता तळ. मग विचारपूस घातली: शेजारचा वाडा जिथं निघालाय तिथं जायचं नाही. माळ बराच काळ हिरवा राहिला.

ग्राफ समोर हलत राहतो, त्यामुळे नियम बदलला की काय बिघडलं ते आबांनाही कळत होतं. फक्त त्यावरून यंदा वाडा कुठं न्यायचा ते ठरवू नका. माझी कुसळी किती दिवसांत माजते, तो आकडा आम्ही दोघांनी अंदाजानं टाकलाय.

कोड इंग्रजीत लिहावा लागतो, ही गावाकडे अडचणच. आणि हलणाऱ्या प्रत्येकाला त्यात टर्टल म्हणतात, म्हणजे आमची मेंढरंही कासवंच. हे आबांना सांगायचं धाडस झालं नाही.

माझे पाचपैकी साडेचार. आबांनी कुत्र्यापायी एक कापलाय, ते अजून घालायचं राहिलंय.