आयडलिंगच्या दुरुस्तीत गेलेले २३,१०० रुपये

बाबांची २००६ सालची वॅगन आर आमच्याकडे अजून रोज रस्त्यावर असते. पंधरा वर्षं झाल्यावर, २०२१ मध्ये, तिचं रजिस्ट्रेशन पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेतलं. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून बाबांना रिक्षात चढता येत नाही. या उंच गाडीत मात्र ते कुणाचा हात न धरता बसतात. त्यामुळे गाडी बिघडली की मला लगेच दुरुस्त करून हवी असते. माझी ही घाई गॅरेजवाल्याने पहिल्या पाच मिनिटांत ओळखली.

त्रास असा होता. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू व्हायची आणि छान चालायची. इंजिन गरम झालं की सिग्नलला उभ्या उभ्या रेस आपोआप चढायची, धपकन खाली यायची, परत चढायची. माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसायचाच. एकदोनदा तर रेस खाली आली ती गाडी बंदच पडली, तीही स्वारगेटच्या चौकात, मागे पीएमटी हॉर्न मारत असताना. एसी लावला की मात्र इंजिन शांत व्हायचं. ही एसीची गोष्ट मी गॅरेजमध्ये पहिल्याच दिवशी सांगितली होती. ती त्याने कानामागे टाकली.

पहिल्या वेळी तो म्हणाला, थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागात, कार्बन साचलाय, प्लगही गेलेत. ३,२०० रुपये. हे ऐकायला खोटं वाटण्यासारखं नव्हतंच, कारण जुन्या गाडीचं आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत पाय न देता इंजिनाचं चालणं, बिघडलं की थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह साफ करणं हे पहिलंच काम असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला त्याने गाडी सुरू करून दाखवली. एकदम शांत. संध्याकाळी सिग्नलला पुन्हा तेच.

दुसऱ्या वेळी मी बाकावर बसून चहा घेत होते, तो बॉनेटखाली वाकला होता. जरा वेळाने त्याने मला बोलावलं आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा दाखवला. ‘बघा ताई, सेन्सर गेला.’ तोवर हा दिवा माझ्या गाडीत एकदाही पेटून राहिला नव्हता. आता मला माहीत आहे की चालू गाडीच्या सेन्सरचं कनेक्टर नुसतं काढलं तरी हा दिवा लागतो. त्याने ते काढलं होतं का, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, त्यामुळे तसं ठामपणे म्हणणार नाही. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचे ५,४०० रुपये मात्र मी दिले. जुना सेन्सर मागितला तर म्हणाला, कचऱ्यात गेला.

तिसऱ्या वेळी त्याने शेवटचं अस्त्र काढलं: ईसीएम, म्हणजे गाडीचा मेंदू. ‘नवीन घ्याल तर परवडणार नाही ताई, मी रिपेअर करून आणतो.’ १४,५०० रुपये. गाडी चार दिवस ठेवून घेतली आणि परत दिली ती नेहमीसारखी सकाळीच. या वेळी त्रास खरंच थांबल्यासारखा झाला. रेस वर-खाली होत नव्हती, पण क्लच सोडला की पहिल्या गियरमध्ये गाडी आपली आपणच पळायला बघायची, आणि पेट्रोलही जास्त लागू लागलं. मी विचारलं तर म्हणाला, जुन्या गाडीत असं चालायचंच.

आमच्या मागच्या गल्लीत एक वयस्कर मेकॅनिक काका आहेत. त्यांनी गाडी लगेच उघडली नाही. आधी मला सोबत घेऊन चक्कर मारली, मग रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवली. त्यानंतर टॉर्च घेऊन थ्रॉटल बॉडीचा एक छोटा स्क्रू दाखवला. त्यावरचं कंपनीचं रंगाचं सील ताजं तुटलेलं होतं. तो स्क्रू फिरवून रेस मुद्दाम वाढवून ठेवली होती. काकांनी तो मूळ जागी आणला आणि लगेच जुनं दुखणं सुरू झालं, वर-खाली, वर-खाली.

मग त्यांनी इंजिनाच्या झाकणावरून इनटेक मॅनिफोल्डकडे (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपकडे) जाणाऱ्या पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनातला वायू परत आत ओढणाऱ्या, रबरी नळीखाली बोट घातलं, आणि इंजिन एकदम शांत झालं. बोट काढलं, परत घुंऽ घुंऽ. मला म्हणाले, ‘आता तू धर.’ मी बोट ठेवलं तेव्हा फटीतून हवा आत ओढली जाताना बोटाला स्पष्ट जाणवली. नळी वरून धडधाकट दिसत होती. खालच्या अंगाला, मॅनिफोल्डजवळच्या वळणावर, नखाएवढी चीर होती.

काकांनी सांगितलेलं कारण मला तेव्हा नीट कळलं. चिरेतून जास्तीची हवा आत गेली की रेस चढते. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसताना रेस चढलेली बघून ईसीएम पेट्रोल तोडतो, रेस पडते, मग तो पुन्हा पेट्रोल देतो, आणि हे चक्र चालूच राहतं. थंड इंजिनाला मुळातच जास्त हवा लागते, म्हणून सकाळी ही चीर जाणवत नाही. एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला की त्याच्या ओझ्याखाली ती जास्तीची हवा खपून जाते. म्हणजे मी पहिल्या दिवशी सांगितलेल्या एका वाक्यात रोगाचं निदान होतं! आणि गाडी दर वेळी सकाळीच का परत मिळायची, तेही उमगलं.

काकांनी प्लग काढले. नव्या प्लगचे पैसे मी मोजले होते. निघाले ते टोकं झिजलेले, काळवंडलेले जुनेच. ईसीएमच्या बोल्टवर वर्षानुवर्षांची धूळ जशीच्या तशी होती, त्यांना पाना लागलेलाच नव्हता. ते बघून मला रडू आलं. पैशांपेक्षाही, बाबा पुढच्या सीटवर असताना गाडी भर चौकात बंद पडायची, ते आठवून.

नाना पेठेतून आणलेली नळी १८० रुपयांची. चार प्लग आणि मजुरी धरून सगळे मिळून १,४५० झाले, आणि जुने प्लग काकांनी न मागता कागदात गुंडाळून हातात दिले.

तुमच्यावर ही वेळ आली तर गॅरेजमधून गाडी परत घेताना इंजिन पूर्ण गरम करून, अर्धा तास चालवून, एसी बंद ठेवून उभी करून बघा, मगच पैसे द्या. महागडा सेन्सर सांगितला तर आधी रबरी नळ्या तुमच्यासमोर तपासायला लावा. जुना पार्ट काम सुरू होण्याआधीच मागून ठेवा. आणि पक्कं बिल घ्या. मी इथेच चुकले. माझ्याकडे वहीच्या पानावर लिहिलेले तीन आकडे आहेत, ना तारीख, ना जीएसटी नंबर. यूपीआयने पैसे दिले म्हणून निदान रकमांची नोंद तरी आहे.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. त्याआधी गॅरेजला पोस्टाने नोटीस पाठवली, सोबत तुटलेल्या सीलचे आणि जुन्या प्लगचे फोटो जोडले. पोचपावती आली आहे. उत्तरासाठी दिलेल्या पंधरा दिवसांतले अकरा आज संपले.