टिप द्यायच्या चार वाटा: वेटरच्या हातात नेमकं काय पडतं?

मुंबई-पुण्यातल्या हॉटेलांत वेटरला पैसे द्यायच्या सध्या चार वाटा आहेत. बिलात लावलेला सर्व्हिस चार्ज, कार्डाच्या मशीनवर वाढवलेली रक्कम, हॉटेलच्या क्यूआरवर जास्तीचे टाकलेले पैसे आणि बडीशेपेच्या बशीत ठेवलेली नोट. आपल्या खिशातून पैसे चारही वेळा जातात. टेबल सांभाळणाऱ्या माणसाला ते पूर्ण मिळतात का आणि त्याच दिवशी मिळतात का, एवढ्याच कसोटीवर हे गुण दिले आहेत.

आधी पगाराचं बघू. महाराष्ट्रात हॉटेल व्यवसायाला किमान वेतन लागू आहे. मूळ वेतनावर विशेष भत्ता असतो, तो दर सहा महिन्यांनी बदलतो. दर कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गांप्रमाणे आणि परिमंडळाप्रमाणे वेगळे. लहान हॉटेलांत मात्र पगार ठरतो तो 'खाऊन-राहून': दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता, माळ्यावर किंवा भाड्याच्या खोलीत झोपायला जागा आणि महिन्याची रोख रक्कम. गावी जाताना घेतलेली उचल त्यातून कापली जाते. शिवाय ब्रेक शिफ्ट: दुपारच्या जेवणाची गर्दी संपली की सुटी आणि संध्याकाळी पुन्हा हजर, ते मध्यरात्रीपर्यंत. मधले तास कामाचे धरत नाहीत.

अमेरिकेत टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने ताशी 2.13 डॉलर दिले तरी केंद्रीय कायद्याला चालतं, टिप धरून ताशी 7.25 डॉलर भरले म्हणजे झालं. तो 2.13 चा आकडा 1991 पासून हललेला नाही. आपल्याकडे टिप धरून किमान वेतन भागवायची मुभा मालकाला नाही. 'टिप मिळते की' असं म्हणून पगार खाली ठरवणारा मालक चूकच करतो.

सर्व्हिस चार्ज: 5 पैकी 1

हा पैसा आधी मालकाच्या खात्यात जातो. वाटप होत असेल तर ते पॉइंटवर, म्हणजे हुद्द्याप्रमाणे ठरलेल्या हिश्शांवर होतं: मॅनेजर आणि कॅप्टनचे (वेटरांच्या प्रमुखाचे) पॉइंट जास्त, वेटरचे त्याखाली, पाणी देणाऱ्या आणि टेबल पुसणाऱ्या पोरांचे सगळ्यात कमी. वाटपाआधी फुटलेल्या ग्लास-प्लेटचा खर्च त्यातूनच वळता करणारी हॉटेलंही आहेत. याची एक जमेची बाजू मान्य करायला हवी. तंदूरवर उभा असलेला आणि मागे भांडी घासणारा यांना टेबलावरची टिप कधी दिसत नाही, इथे त्यांनाही वाटा मिळू शकतो. पण मिळाला की नाही हे ग्राहकाला कळायला काही मार्ग नाही, म्हणून गुण एकच.

हिशेबही बघा. खाण्याचं बिल 2000 रुपये, 10 टक्के सर्व्हिस चार्ज 200 रुपये. त्यावर 5 टक्के जीएसटी 2200 वर लावला की 110 रुपये, एकूण 2310. चार्ज नसता तर 2100. म्हणजे वेटरच्या नावाने तुमचे 210 गेले आणि त्यातले 10 रुपये तर सरळ करात गेले. स्वखुशीने दिलेल्या टिपवर हा कर लागत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला मार्गदर्शक सूचना काढल्या: सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचा नाही, त्यासाठी प्रवेश नाकारायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि सूचना कायम ठेवल्या.

बिलातून चार्ज काढून घ्यायची रीत अशी. पैसे भरण्याआधी बिल वाचा. 'स्टाफ वेल्फेअर' किंवा 'स्टाफ कॉन्ट्रिब्युशन' अशा नावानेही हीच रक्कम असते. वेटरशी वाद घालू नका. छापलेलं बिल बदलायला बहुतेक ठिकाणी मॅनेजरचा पासवर्ड लागतो, वेटरच्या हातात काहीच नसतं. कॅप्टनला किंवा मॅनेजरला बोलावून 'चार्ज काढून नवीन बिल द्या' एवढंच सांगा. पेनने खोडून दिलेलं जुनं बिल घेऊ नका, त्यात वाढीव जीएसटी तसाच राहतो. ऐकलंच नाही तर बिलाचा फोटो ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार करा. आणि चार्ज निघाला की त्या 210 मधले शंभर-दीडशे वेटरला रोख द्या, नाहीतर या सगळ्यात त्याचंच नुकसान.

हॉटेलच्या क्यूआरवर जास्तीचे पैसे: 5 पैकी 2

सध्या सगळ्यात जास्त टिप इथे हरवते, तीही कुणाच्या वाईट हेतूशिवाय. बिल 460 चं, तुम्ही 500 पाठवता आणि 'बाकीचे ठेव' म्हणून निघता. पैसे हॉटेलच्या खात्यात. बिलाच्या संगणकात 460, बँकेत 500. हे 40 कुठल्या टेबलाचे आणि कुणाचे, हे कॅशियरने त्याच क्षणी वहीत लिहिलं तरच रात्री गल्ल्यातून काढून देता येतात. शनिवारी रात्री बाहेर रांग लागलेली असताना ते लिहिलं जात नाही. हिशेब जुळवताना जास्तीचे पैसे 'फरक' म्हणून राहतात आणि मालकाकडे जातात.

उपाय साधा आहे. बिल तंतोतंत भरा आणि टिप वेगळी द्या. रोख नसेल तर 500 भरून काउंटरवरच सांगा, 'चाळीस टिपचे आहेत, आत्ता गल्ल्यातून द्या', आणि वेटरच्या हातात पडेपर्यंत दोन मिनिटं थांबा. वेटरच्या स्वतःच्या नंबरावर पाठवणं उत्तम, पण पुष्कळ ठिकाणी कामावर फोन जवळ ठेवायला बंदी असते. नंबर विचारायचा तर कॅप्टनसमोर नको.

कार्ड: 5 पैकी 3

टिप द्यायची असेल तर मशीनवर रक्कम टाकायच्या आधी सांगा. पिन दाबल्यावर मागाहून स्लिपवर सहसा वाढवता येत नाही. कार्डावरची टिप हॉटेलचं उत्पन्न नव्हे. हॉटेलं चालवणाऱ्या आयटीसी कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलं की असे पैसे हॉटेल केवळ विश्वस्त म्हणून हाताळतं आणि कर्मचाऱ्याला देतं, तो त्याचा पगार होत नाही. नोंद राहते म्हणून मोठ्या हॉटेलांत ही वाट बरी. लहान ठिकाणी क्यूआरसारखीच गत.

रोख: 5 पैकी साडेचार

अर्धा गुण कापला तो बशीमुळे. बशी उचलतो टेबल पुसणारा, ऑर्डर घेतलेली असते दुसऱ्याने, आणि दोघांत कुरबुर होते. म्हणून नोट हातात द्या. मोठ्या ग्रुपला दोघं-तिघं वाढत असतील तर सुटे करून वेगवेगळे द्या. काही हॉटेलांत काउंटरवर टिपचा डबा असतो आणि हातात मिळालेलंही त्यातच टाकायचा नियम असतो. तिथे वेटरला एकच विचारा, 'डबा रोज फुटतो का?', म्हणजे उघडून वाटप होतं का. रोज फुटत असेल तर निर्धास्त टाका. महिन्याला फुटत असेल तर मधेच काम सोडून गेलेल्याचा वाटा बुडतो.

किती द्यावी? उडुप्याकडे इडली-डोसा खाल्ला तर 10-20 रुपये पुरे, फॅमिली हॉटेलात बिलाच्या 5 ते 10 टक्के, परमिट रूममध्ये 10 टक्के, कारण तिथे एकच वेटर तुमच्या टेबलाशी दोन-तीन तास असतो. अ‍ॅपवर सवलत मिळाली असेल तर टक्के मूळ बिलावर मोजा, वाढण्याचं काम तेवढंच झालेलं असतं. सेल्फ सर्व्हिसला काही द्यायची गरज नाही.