स्कूल बसचं छप्पर 20 इंच वर घेतलं: वर्षभराच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगतो. छप्पर वर घेण्याचा निर्णय योग्य होता, सांगाडा भक्कम झालाय, आणि तरीही ज्या वर्कशॉपने हे काम केलं तिथे दुसरी बस पाठवणार नाही. कारण एकच. ड्रायव्हरच्या मागे मूळ ठेंगणं छप्पर संपून उंच छप्पर सुरू होतं, त्या उतारावरचा आठ फुटी आडवा सांधा. बस उभी असताना रात्रभर मुसळधार कोसळला तरी आत थेंब नाही. हायवेला ताशी 65 मैलांनी पावसात गेलं की अर्ध्या तासात स्विच पॅनलच्या बाजूने पाणी ओघळायला लागतं.

वर्कशॉपचं उत्तर: सीलंट (सांध्याची फट बुजवणारा रबरी लेप) ही देखभालीची बाब, वॉरंटीत बसत नाही, दर वर्षी उकरून नवीन भरायचं, त्याची मजुरी वेगळी. पैसे घेताना यातलं एक अक्षर कुणी काढलं नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. अमेरिकेत निवृत्त पिवळी बस घेऊन घर करणारी बरीच मराठी मंडळी आता विचारतात, आणि बहुतेक जण फक्त "किती इंच" एवढंच विचारतात.

तर आधी इंच. बसच्या आतली मूळ उंची साधारण 72 किंवा 77-78 इंच असते. जमिनीवर एक इंच उष्णतारोधक फोम, अर्धा इंच प्लाय आणि वर फ्लोअरिंग धरलं की दोन इंच गेले, छताकडे आणखी एखादा. म्हणजे 72 ची बस 69 वर येते, 5 फूट 9 इंच. 78 ची बस 75 वर येते, आणि सहा फुटी माणूसही त्यात ताठ उभा राहतो. तुमची बस 78 ची असेल तर छप्पर कापण्याआधी आठवडाभर तशीच वापरून बघा. आमची 72 ची होती, त्यामुळे प्रश्न नव्हता. पण 20 इंच घेतल्यावर आत 7 फूट 5 इंच उंची झाली, आणि वरचे सात-आठ इंच तापवायलाच हीटरचं डिझेल जातं. बंक बेड करायचे नसतील तर 12 ते 14 इंच पुरे.

बाहेरची उंची मोजताना छप्पर मोजू नका, छपरावरची सगळ्यात उंच वस्तू मोजा. 10 फूट 2 इंचाची बस 20 इंचांनी 11 फूट 10 इंच होते, त्यावर 14 इंची एसी बसला की 13 फूट. बहुतेक राज्यांची कायदेशीर मर्यादा 13 फूट 6 इंच, म्हणजे कागदावर ठीक. पण नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमचा तो ग्रेगसन स्ट्रीटवरचा रेल्वेपूल 2019 मध्ये आठ इंच उचलूनसुद्धा 12 फूट 4 इंचच आहे. न्यूयॉर्क-कनेक्टिकटच्या जुन्या पार्कवेंवरच्या (फक्त कारसाठी बांधलेल्या रस्त्यांवरच्या) कित्येक कमानींखालून तर मूळ उंचीची बसही जात नाही. ट्रकसाठीचं नॅव्हिगेशन घ्या, त्यात खरी उंची अधिक तीन इंच टाका, आणि तो आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवा.

आता सांगाडा, कारण इथे वर्कशॉपला पूर्ण गुण. 1 एप्रिल 1977 पासून अमेरिकेत स्कूल बसच्या छपराला एक कसोटी आहे: रिकाम्या बसच्या वजनाच्या दीडपट भार छपरावर दिला तर ते 5⅛ इंचांपेक्षा, म्हणजे 130 मिलिमीटरपेक्षा, जास्त दबता कामा नये आणि त्या भाराखालीही संकटकाळचे दरवाजे उघडले पाहिजेत. ही ताकद खिडक्यांमधून वर जाणाऱ्या हॅट चॅनलच्या, म्हणजे टोपीच्या आकारात वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या, फासळ्यांमधून येते. छप्पर वर घ्यायचं म्हणजे नेमक्या त्याच कापायच्या. कापल्यानंतर ती ताकद परत आणणारा फक्त वेल्डर असतो.

आमच्या बसला एका बाजूला 12, म्हणजे एकूण 24 फासळ्या. प्रत्येक जोडतुकडा 32 इंचांचा: 20 इंच वाढ, वर-खाली सहा-सहा इंच मूळ फासळीवर चढवलेला. एकूण 64 फूट चॅनल, म्हणजे 20 फुटांच्या चार लांब्या. काप एका रेषेत नाहीत, एक वर तर शेजारचा खाली, त्यामुळे एकाच उंचीवर सगळे जोड येऊन तिथे कमकुवत पट्टा तयार होत नाही. उचलताना चार कोपऱ्यांत एकात एक सरकणाऱ्या चौकोनी नळ्या, त्यांत आटे पाडलेले रॉड, दोन-दोन इंचांनी थांबून चारही कोपऱ्यांना माप, दोन्ही टोकांना ओळंबा, आणि छप्पर आडवं सरकू नये म्हणून तिरके रॅचेट पट्टे. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवलेली, इंजिनच्या कॉम्प्युटरचे प्लग काढलेले. यात काहीही कमी केलं तर पुढे दारं बसत नाहीत. आमची बसतात.

बाजूचे पत्रेही नीट आहेत. खिडकीची मोकळी जागा अधिक 20 इंच हे चार फुटांत बसतं, म्हणून 4×10 फुटांचे 18 गेजचे (साधारण 1.2 मिलिमीटर जाड) पत्रे आडवे लागले, बाजूला तीन. एकेक 80 पौंडांचा. छपराच्या कडेची मूळ पन्हळ त्यांनी तशीच वर नेली आणि पत्र्याचं वरचं टोक तिच्या आत घातलं. ती पन्हळ कापून टाकणारे लोक पाहिलेत. मग छपरावरचं सगळं पाणी प्रत्येक खिडकीच्या चौकटीवर उतरतं.

आणि आता तो सांधा.

कोकणातल्या कौलारू छपराचा नियम सगळ्यांना माहीत आहे: वरचं कौल खालच्या कौलावर. उतारावरही तेच केलं होतं, मागचा उंच पत्रा पुढच्या ठेंगण्या पत्र्यावर चढवलेला. उभ्या बसला हे बरोबर आहे. पण उताराचं तोंड पुढे, धावत्या वाऱ्याकडे, आणि त्या पत्र्याची उघडी कडही पुढेच. म्हणजे गाडी धावताना वारा थेट त्या कडेखाली घुसतो आणि पाण्याला उतारावरून वर ढकलतो. पत्रे उलटे चढवले तर धावताना कोरडं आणि उभं असताना गळकं. दिशा बदलून हा प्रश्न सुटतच नाही.

किती वर ढकलतो, याचा हिशेब सोपा आहे. ताशी 65 मैलांना समोरून येणाऱ्या हवेचा दाब चौरस फुटाला साधारण 10.8 पौंड. एवढा दाब पाण्याचा दोन इंच उंच स्तंभ पेलतो. उताराला पूर्ण दाब लागत नाही, पण शेजारून ट्रक गेला की झोत त्याच्या जवळ जातो. आमचा उतार 28 इंचांत 20 इंच चढतो, म्हणजे 35 अंशांच्या थोडा वर. त्यावर एक इंचाचा चढाव, म्हणजे एका पत्र्यावर दुसरा चढलेला भाग, ठेवला तर त्याची उभी उंची भरते जेमतेम 0.58 इंच. दोन इंच चढू शकणाऱ्या पाण्यापुढे अर्धा इंच. उरलेला सगळा भरवसा सीलंटवर.

सुरुवातीला माझं मत होतं की सीलंटच हलका वापरला. वर्कशॉपचंही म्हणणं तेच, फक्त दोष माझ्या देखभालीचा. इथपर्यंतचा भाग त्याच मताने लिहून ठेवला होता. त्यानंतर नीट तपासणी झाली आणि मत बदललं.

पाइपने पाणी मारून ही गळती सापडत नाही, कारण पाइपला वाऱ्याचा दाब नसतो. उलट करायचं: बसची सगळी दारं-खिडक्या बंद, छपराच्या हॅचमध्ये प्लायचा तुकडा बसवून त्यातून लीफ ब्लोअर आतल्या दिशेने, फटी टेपने बंद. आत दाब तयार झाला की बाहेरून सांध्यावर साबणाचं पाणी ब्रशने लावायचं. जिथे बुडबुडे, तिथे वाट. आमच्याकडे बुडबुडे दोन रिव्हेटांच्या बरोबर मधे आले, आणि दोन्ही टोकांना, जिथे उताराचा पत्रा, बाजूचा तिकोनी पत्रा आणि जुनं छप्पर असे तीन थर भेटतात. रिव्हेटांपाशी एकही नाही. सांध्यात रिव्हेटांची एकच ओळ, साडेतीन इंचांच्या अंतराने, आठ फुटांत 28. दोन रिव्हेटांच्या मधे वरचा सीलंट कापल्यावर व्हिजिटिंग कार्ड सहज आत सरकलं. सीलंट चांगल्या पॉलियुरेथेनचाच होता, रबरासारखा लवचीक, पण तो फक्त वरून फासलेला. दोन पत्र्यांच्या मधे काहीच नव्हतं.

म्हणजे सीलंट फाटला हे खरं, पण त्याला फाडलं पत्र्याने. ऊन लागलेला पत्रा आणि आत फोमखाली गार राहिलेली फासळी यांच्यात 40 अंश सेल्सिअसचा फरक पडला तर आठ फुटी पत्रा जवळपास 1.2 मिलिमीटर वाढतो. कडेला वाढायला जागा नसली की रिव्हेटांच्या मधे तो फुगतो, रात्री परत बसतो. वरून फासलेली पातळ रेघ हे वर्षभर सोसत नाही. दर वर्षी तीच भरली तर दर वर्षी तीच फाटेल. वर्कशॉपला फोटो पाठवले, मापं पाठवली. तरीही ते देखभालीवरच अडून बसले.

दुरुस्तीचं सामान फार महाग नाही, वेळ लागतो. रिव्हेटांची डोकी 3/16 इंची ड्रिलने उडवायची, दांडा पंचने ढकलायचा, भोक मोठं करायचं नाही. वरच्या पत्र्याची कड उचलून जुना सीलंट पूर्ण खरवडायचा, अॅसिटोनने पुसायचं, उघड्या लोखंडाला झिंक प्रायमर. मग 18 गेजची सहा इंच रुंद पट्टी अशी सरकवायची की दोन इंच वरच्या पत्र्याखाली जातील आणि चार इंच खालच्या पत्र्यावर येतील. चार इंचांची या उतारावर उभी उंची होते 2.3 इंच, म्हणजे हिशेबात बसली. पट्टीची पुढची कड किंचित खाली वाकवून घ्या, म्हणजे ती पत्र्याला दाबून बसते. दोन्ही थरांच्या मधे ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), कारण रिव्हेट आवळल्यावरही तिची जाडी थोडी शिल्लक राहते आणि पत्रा हलला तरी ती ताणते. पुढच्या कडेला पॉलियुरेथेन. खालच्या जोडाला रिव्हेटांच्या दोन ओळी, एकमेकींच्या मधे येतील अशा, दीड इंचाच्या अंतराने: ओळीला 64, एकूण 128. भोकं 11 नंबरच्या ड्रिलने, म्हणजे 3/16 इंचापेक्षा किंचित मोठी. रिव्हेट पोलादी आणि बंद टोकाचे. उघड्या टोकाच्या पॉप रिव्हेटच्या मधल्या भोकातूनही पाणी येतं, आणि अॅल्युमिनियमचा रिव्हेट पोलादी पत्र्यात घातला की ओल्या जागी गंजाची सुरुवात तिथूनच होते. कोपऱ्यातल्या तीन थरांना आधी ब्युटाइलचा गोळा दाबून भरायचा, मग रिव्हेट. सिलिकॉन कुठेही नको. त्यावर ना रंग धरतो, ना दुसरा सीलंट.

काम अजून सुरूच झालं नसेल तर सगळ्यात चांगला उपाय वेगळा: सांधा पूर्ण वेल्ड करून घासून घेणं. एकेक इंचाचे टाके, लांब-लांब जागी, थंड होऊ देत, मग मधल्या जागा भरायच्या. एका दमात ओढला तर पत्रा लाटा घेतो. जस्ताचा थर आधी घासून काढायचा आणि मास्क लावायचा, जस्ताच्या धुराने ताप भरतो. आणि हे फोम मारायच्या आधीच. नंतर करायचं तर आतला फूटभर फोम काढावा लागतो, नाहीतर आग.

बाकीचं थोडक्यात. हिवाळ्यात फासळ्यांच्या रेषेत प्लायवर ओल दिसली तर ती गळती नव्हे. दर 28 इंचांवर उभी रेघ आणि फक्त गार सकाळी, म्हणजे वाफेचं दव. फासळीच्या आतल्या तोंडावर अर्धा इंच फोमची पट्टी हवी होती, ती दिलेली नाही. पाणी जिथे टपकतं तिथूनच आत आलेलं असतं असंही नाही, आमचं मधल्या भागात शिरून फासळीच्या खोबणीतून कडेला यायचं. आडव्या वाऱ्यात फरक जाणवतो: 30 फूट लांबीवर 20 इंच म्हणजे 50 चौरस फूट जास्तीचा पत्रा, 40 मैलांच्या वाऱ्यात 200 पौंडांचा धक्का, तोही जमिनीपासून अकरा फुटांवर. अशा दिवशी 50 च्या वर जात नाही. मागच्या दिव्यांच्या वायरी वाढवताना वर्कशॉपने चिकट आतल्या थराच्या हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणाऱ्या) नळ्या वापरल्या आणि वायरीला सैल वळण ठेवलं, हे त्यांचं काम चोख.

विमा कंपनीला छप्पर कापण्याआधी विचारा. काही कंपन्या वाढवलेल्या छपराची बस घेतच नाहीत, आणि हे नंतर कळून उपयोग नाही.

आणि वर्कशॉपशी करार करताना पुढच्या उताराबद्दल चार ओळी लिहून घ्या: चढाव किती इंच, रिव्हेटांच्या ओळी किती आणि अंतर किती, दोन पत्र्यांच्या मधे काय भरणार, आणि फोम मारण्याआधी ब्लोअर-साबणाची चाचणी तुमच्यासमोर होणार का. "आम्ही नेहमी करतो तसंच" असं उत्तर आलं तर शेवटचा हप्ता त्या चाचणीपर्यंत हातात ठेवा.