सरचूच्या तंबूतला ‘डॉक्टर’

मनाली-लेह रस्त्याने जायचा बेत असेल तर टूरच्या कागदावर आधी एकच गोष्ट बघा: पहिला मुक्काम कुठे आहे. माझ्या मोठ्या भावाच्या जिवाशी जो खेळ झाला त्याची सुरुवात तिथूनच झाली.

आम्ही दोन कुटुंबं नाशिकहून गेलो होतो, ओळखीतल्याच एका ट्रॅव्हल्सवाल्याकडून. त्याने पाठवलेल्या कार्यक्रमात मनालीनंतरचा मुक्काम जिस्पाला होता, साधारण ३,२०० मीटरवर. गाडी मनालीतून निघाल्यावर ड्रायव्हर म्हणाला, जिस्पाला बुकिंग मिळालं नाही, सरचूला तंबूत सोय केली आहे, ‘नज़ारा उससे भी बढ़िया’. नजाऱ्याबद्दल तो खोटं बोलला नाही. अटल बोगद्यातून पलीकडे निघालं की हिरवी मनाली मागे पडते आणि समोर लाहौलचे उघडे, तांबूस डोंगर येतात. बारालाचा खिंडीच्या अलीकडचं सूरज ताल हे तळं बघून तर गाडीतले सगळे गप्पच झाले होते.

पण मनाली आहे २,०५० मीटरवर आणि सरचू ४,२९० वर. ३,००० मीटरच्या पुढे झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. आम्हाला एका दिवसात सव्वादोन हजार मीटर वर नेऊन झोपवलं. त्यात सरचू दोन बाजूंच्या खिंडींमध्ये अडकलेलं आहे. मागे बारालाचा, ४,८९० मीटर. पुढे लाचुंग ला, ५,००० च्याही वर. रात्री त्रास सुरू झाला तर कुठेही निघा, आधी चढावंच लागतं. या रस्त्यावर वर्षानुवर्षं गाड्या पाठवणाऱ्या माणसाला हे माहीत नसतं, असं मी मानायला तयार नाही. लेह दोन दिवसांत उरकलं की त्याचं गाडीभाडं वाचतं, एवढंच.

रात्री दादाचं डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या, मग धाप. ड्रायव्हरला उठवलं. तो पटकन म्हणाला, बाजूच्या कॅम्पात डॉक्टर आहेत, आणि खरंच पाचेक मिनिटांत एकाला घेऊन आला. जाकीट, गळ्यात स्टेथोस्कोप, हातात बॅग. त्या माणसाने नाडी बघायच्या आधी वहिनीला विचारलं, ‘कैश कितना है आपके पास?’ इथे नेटवर्क नाही, ऑनलाइन चालणार नाही, म्हणून विचारतो, असं वर सांगितलं.

मग त्याने दादाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. बोट बर्फासारखं गार, नखं निळसर. आकडा आला ७१. ‘सत्तर के नीचे गया तो हाथ में कुछ नहीं रहेगा.’ वहिनी तिथेच खाली बसल्या. मी म्हटलं, माझ्या बोटाला लावून बघा. त्याने यंत्र बॅगेत टाकलं आणि ‘टाइम मत वेस्ट करो’ म्हणाला. घरी ९५ च्या खाली आकडा गेला की आपण घाबरतो, कोविडने ते आपल्या डोक्यात पक्कं बसवलंय. त्या उंचीवर नुकत्याच पोचलेल्या धडधाकट माणसाचाही आकडा ८० च्या घरात असतो, आणि बोट गार असेल तर यंत्र आणखी कमी दाखवतं, हे आम्हाला नंतर कळलं. त्या माणसाला ते आधीपासून माहीत होतं. नाहीतर त्याने माझं बोट बघितलं असतं.

मग विक्री सुरू झाली. ऑक्सिजनचे कॅन, एकेक पंधराशेला. छापील किंमत खरवडून काढलेली होती, एका कॅनच्या तळाशी मात्र साडेसहाशे स्पष्ट वाचता येत होतं. या कॅनचं गणित प्रत्येकाने करून बघावं. आत १० लिटर वायू असतो. रुग्णाला मिनिटाला २ लिटर लागले तर पाच मिनिटांत डबा रिकामा. रात्रभराच्या त्रासावर हा उपाय म्हणून विकणं ही सरळ लूट आहे. नंतर एक इंजेक्शन दिलं, त्याची कुपी दाखवली नाही. सलाइनही लावत होता, ते वहिनींनी हट्टाने थांबवलं. फार बरं झालं, कारण उंचीमुळे फुप्फुसात पाणी साचत असेल तर वरून सलाइन देणं घातक ठरू शकतं.

पहाटे तो म्हणाला, लेहला न्यावंच लागेल, माझी अँब्युलन्स आहे, पस्तीस हजार. अँब्युलन्स म्हणजे एक जुनी व्हॅन. आत सिलिंडर होता. सिलिंडरला पाण्याची छोटी बाटली जोडलेली असते, ऑक्सिजन सुरू असेल तर तिच्यात बुडबुडे येतात. ती बाटली कोरडी होती आणि मीटरचा काटा शून्यावर.

दादाला आत चढवायला लागलो तेवढ्यात शेजारच्या ढाब्याची लाहौली मालकीण चहाची किटली तशीच टाकून आली. तिने दादाकडे बघितलं आणि माझा हात धरून म्हणाली, ‘लेह नहीं, बेटी. आगे और ऊँचा है. केलांग ले जाओ, सरकारी अस्पताल.’ तो माणूस तिच्यावर ओरडला, ती हलली नाही. लेहच्या वाटेवर लाचुंग ला आणि मग ५,३०० मीटरचा तांगलांग ला, अडीचशे किलोमीटर. दादाला तिकडून नेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार आजही मला झोपू देत नाही. त्या माऊलीने आमच्याकडून चहाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत.

आमच्याच गाडीने मागे, मनालीच्या वाटेवरच्या केलांगकडे फिरलो. ड्रायव्हर कुरकुरत होता, माझ्या नवऱ्याने त्याला ठणकावून चालवायला लावलं. बारालाचा ओलांडून गाडी खाली उतरायला लागली तसा दादाचा श्वास सुटा होत गेला. दारच्याला तो स्वतःहून पाणी प्यायला. केलांगच्या सरकारी रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरने छाती नीट तपासली, ऑक्सिजन लावला, औषधं दिली. फुप्फुसात पाणी नव्हतं. त्यांनी स्वच्छ सांगितलं, उंचीच्या या त्रासावरचा खरा उपचार खाली उतरणं. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून गुलाबी फेस आला, माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा सरळ रेषेत चालता येईना, तर एक मिनिटही न थांबता खाली निघायचं. अंगदुखीचं घरगुती औषध घ्यावं तशी डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळीही कुणी परस्पर घेऊ नये, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी. निघण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारावं.

आता पैशांचं. त्या ‘डॉक्टर’च्या लेटरहेडवर नोंदणी क्रमांक नाही, पत्ता नाही. त्यामुळे विम्याचा दावा फेटाळला गेला. पैसे रोख दिलेले, त्याची पावती कच्ची. ट्रॅव्हल्सवाला म्हणतो, तो आमचा माणूस नाही. पण जिस्पाऐवजी सरचू कुणी केलं? व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने पाठवलेला कार्यक्रम आमच्याकडे आहे, त्यात जिस्पा लिहिलेलं आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते, मनालीला किंवा लेहला खेटे घालावे लागत नाहीत, म्हणून नाशिकच्या आयोगासाठी कागद तयार केले आहेत.

तुम्ही जाणार असाल तर पैसे भरण्याआधी प्रत्येक मुक्कामाचं गाव आणि त्याची उंची लेखी घ्या, आणि मुक्काम बदलला तर पैसे परत, हे वाक्य त्यात घालून घ्या. मोठा सिलिंडर देतो म्हणाले तर मनालीतच तो उघडून बाटलीतले बुडबुडे बघा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड जवळ ठेवा. सरचूच्या पट्ट्यात त्याचाही भरवसा धरू नका, म्हणून केलांगचं सरकारी रुग्णालय कुठे आहे ते जाताना वाटेत उतरून बघूनच पुढे जा.