टर्बाइन ॲक्च्युएटरच्या सील-रिंग बसवायचा कोन-स्लीव्ह सेट: पावसाळ्यापासून आजपर्यंतचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून हा सेट भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये रोज वापरात आहे. आमच्याकडे गॅस टर्बाइनचे हायड्रॉलिक ॲक्च्युएटर, म्हणजे तेलाच्या दाबावर भाग हलवणारे पिस्टन-सिलिंडर, दुरुस्तीला येतात, मुख्यतः इनलेट गाइड व्हेन फिरवणारे. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी असलेली पाती हाच ॲक्च्युएटर उघडतो आणि मिटवतो. त्याच्या पिस्टनवरची रिंग आतल्या आत तेल सोडायला लागली की पाती सांगितलेल्या वेळेत हलत नाहीत. ती चुकीच्या कोनात राहिली तर कॉम्प्रेसर सर्जमध्ये जाऊ शकतो, म्हणजे आतली हवा उलटी धक्के मारते. एवढी मोठी जबाबदारी बांगडीसारख्या पातळ रिंगवर असते, आणि तिचं नुकसान बहुतेक वेळा मशीन चालताना होत नाही, बसवतानाच होतं.

रिंग पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनची, आणि तिच्याखाली रबराची ओ-रिंग. ओ-रिंग ताणली की परत आक्रसते. पीटीएफईचं तसं नाही. ताणली की बरीचशी तशीच राहते. त्यामुळे बोथट स्क्रूड्रायव्हरने एका बाजूने उचकटून रिंग खाचेत ढकलायची जुनी पद्धत दोनदा घात करते. कडेला ओरखडा पडतो, आणि एकाच जागी जास्त ताण येऊन रिंग वाकडी होते. ओरखडा निदान भिंगाखाली सापडतो, वाकडेपणा सापडत नाही. तो प्रेशर टेस्टलाच कळतो, आणि तेव्हा सगळं पुन्हा उघडावं लागतं.

सेटमध्ये तीन वस्तू आहेत: पिस्टनच्या टोकावर बसणारा निमुळता कोन, रिंग कोनावरून पुढे सरकवायला उभ्या चिरा पाडलेला प्लॅस्टिकचा पुशर, आणि रिसायझिंग स्लीव्ह, म्हणजे ताणलेली रिंग दाबून परत मापात आणणारी नळी. आधी खाचेत ओ-रिंग, तिला पीळ पडलेला नाही ना ते बघायचं. मग पीटीएफई रिंग ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या गरम तेलात थोडा वेळ ठेवायची, म्हणजे ती मऊ पडते. मग कोनावरून एका दमात, पण झटका न देता. पुशर सगळीकडून सारखा दाब देतो, म्हणून रिंग तिरकी चढत नाही. कोनाची कड पिस्टनची धार झाकते. रिंगला धातूची धार लागतच नाही, आणि माझ्या मते सेटचे निम्मे पैसे तिथेच वसूल होतात.

उरलेले निम्मे स्लीव्हमध्ये. अनेक जण कोन-पुशर बनवून घेतात आणि स्लीव्हला फाटा देतात, कारण रिंग खाचेत बसलेली दिसते. पण ती ताणून मोठी झालेली असते, खाचेबाहेर डोकावते आणि बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आत, घालताना कड सोलली जाते. रिंग गरम असतानाच स्लीव्ह चढवायची आणि पूर्ण गार होईपर्यंत काढायची नाही. घाई असली की पोरं ती लवकर काढायला बघतात. तिथे मी ठाम असतो, डिलिव्हरी थांबली तरी चालेल.

हिवाळ्याने एक गोष्ट नीट शिकवली. पीटीएफईची आतली रचना साधारण १९ अंशाला बदलते आणि त्याबरोबर आकारमानही, एक टक्क्याच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची सकाळ १९ अंशांच्या खालीच असते, दुपार वर. सकाळी मोजलेली रिंग दुपारी वेगळं माप दाखवते, आणि सप्लायरशी वाद सुरू होतो. आता आम्ही रिंग आणि पिस्टन दोन्ही खोलीत निवू देतो, खोली साधारण २३ अंशांवर ठेवतो आणि मगच मायक्रोमीटर लावतो.

तक्रारी आहेत. पुशरच्या चिरांच्या मुळाशी काही महिन्यांत बारीक तडे दिसू लागले. चिरा जिथे संपतात तिथे गोल भोक पाडून दिलं असतं तर हे टळलं असतं. नवा पुशर आम्ही तसाच बनवून घेतला, तो टिकलाय. कोनाबद्दलही एक सांगतो. ॲल्युमिनियमचा घेऊ नका. पाना लागून त्यावर टोचा पडतो आणि प्रत्येक रिंगला तोच टोचा ओरबाडतो. ॲसिटलचा, म्हणजे कडक प्लॅस्टिकचा, कोन बरा, पण त्यात धातूचे कण रुतून बसतात. म्हणून वापरण्याआधी कापसाचा बोळा फिरवायचा. धागा अडकला तर तिथे बारीक पॉलिश पेपर.

वंगण म्हणून ग्रीस नको. ॲक्च्युएटर ज्या तेलावर चालणार, तेच स्वच्छ तेल. बाहेरचं ग्रीस तेलाचा प्रवाह सांभाळणाऱ्या सर्व्हो व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत गेलं तर नवीनच दुखणं. आणि सिलिंडरच्या तोंडाशी १५ ते २० अंशांचा गुळगुळीत चाम्फर, म्हणजे तिरकी उतरती कड, नसेल, किंवा आत तेलाच्या भोकाची कड धारदार असेल, तर हा सेट कितीही चांगला असला तरी रिंग तिथे कापली जाणारच. ते काम त्याच्या आधीचं.

पेटीतला ट्रेही मला आवडला. प्रत्येक रिंगला वेगळा खळगा आहे. जॉब बंद करताना सगळे खळगे रिकामे हवेत. ५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचं एक लॉकहीड एल-१०११ विमान मायामीहून नासाऊला निघालं होतं. तिन्ही इंजिनांच्या चिप डिटेक्टरवर, म्हणजे तेलातले धातूचे कण पकडणाऱ्या भागावर, ओ-रिंग बसवल्याच नव्हत्या. तेल वाहून गेलं, इंजिनं एकामागून एक बंद झाली. शेवटी आधी बंद केलेलं एक इंजिन पुन्हा सुरू झालं आणि विमान मायामीला परतलं, आतले १७२ जण वाचले. रिंग नीट बसवण्याआधी ती बसवली आहे की नाही हे दिसायला हवं, आणि ट्रे ते एका नजरेत दाखवतो.

रॉडच्या बाजूच्या आतल्या खाचेसाठी हा सेट कामाचा नाही. तिथे रिंग हृदयाच्या आकारात दुमडून, कुठेही तीक्ष्ण घडी न पडू देता हातानेच घालावी लागते आणि नंतर वेगळ्या मॅन्ड्रेलने, म्हणजे आतून घालायच्या गुळगुळीत दांड्याने, आकारात आणावी लागते. तो मॅन्ड्रेल वेगळा मागवा.

एकाच मापाचं काम वारंवार येत असेल तर सेट जरूर घ्या. सील बदलण्याची आणि परत आलेल्या जॉबची मजुरी वाचते, त्यात खर्च निघतो. वर्षातून एखादं काम येणाऱ्याला परवडणार नाही. टर्नरला ऑर्डर देताना पिस्टनचा व्यास, खाचेची रुंदी आणि कडेपासून खाचेचं अंतर प्रत्यक्ष पिस्टनवरून मोजून द्या, ड्रॉइंगवरून नको. जुन्या दुरुस्तीत पिस्टन ग्राइंड केलेला असतो आणि ड्रॉइंगवर ते कुठेच लिहिलेलं नसतं.